घटक ५ : अल्पपरिचित कृतींचा पुरस्कर्ता – चार्ल्स मॅकेरस

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील.

• पाश्चात्त्य संगीतातील वृंदसंचालकाचे कार्य स्पष्ट करता येईल.
• 'अल्पपरिचित कृती' या संकल्पनेचे दोन प्रकार सांगता येतील.
• लेओश यानाचेक यांच्या ऑपेरांतील भाषा आणि स्वर यांचे नाते विशद करता येईल.
• मागील घटकात अभ्यासलेली पाठचिकित्सेची तत्त्वे प्रयोगकलेला कशी लागू पडतात, हे सोदाहरण मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, 'पुरस्कार' या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ 'पारितोषिक' असा आहे. मात्र 'पुरस्' म्हणजे पुढे आणि 'कृ' म्हणजे करणे. म्हणजे 'पुरस्कार' याचा मूळ अर्थ 'पुढे करणे, पुढे ठेवणे' असा होतो. 'स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला', 'या मताचे ते पुरस्कर्ते होते' अशा वाक्यांत हा अर्थ अजून जिवंत आहे. या घटकात आपण अशाच एका पुरस्कर्त्याचा परिचय करून घेणार आहोत. सर चार्ल्स मॅकेरस (१९२५–२०१०) हे विसाव्या शतकातील एक नामवंत वृंदसंचालक. जगाला फारशा ठाऊक नसलेल्या संगीतकृती पुढे ठेवण्याच्या कामी त्यांनी साठ वर्षे वेचली.

मराठीच्या अभ्यासक्रमात पाश्चात्त्य संगीताच्या संचालकाचा परिचय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मागील घटकात आपण पाठचिकित्सेचा विचार केला. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण तेथे पाहिले. एखादी कृती लोकांपर्यंत पोहोचते म्हणजे तिचा नेमका कोणता पाठ पोहोचतो, हा त्या घटकातील कळीचा प्रश्न होता. तोच प्रश्न संगीतासारख्या प्रयोगकलेत अधिक तीव्रतेने उभा राहतो. मॅकेरस यांचे कार्य हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ वृंदसंचालक कोणते काम करतो?

मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांच्यामुळे 'कंडक्टर' हा शब्द आपल्याकडील अनेकांना परिचित आहे. व्यासपीठावर उभा राहून, हातातील छडीने ऐंशी-नव्वद वादकांना ताल आणि इशारे देणारी व्यक्ती, अशी त्याची प्रतिमा आपल्या डोळ्यांसमोर असते. ही प्रतिमा चुकीची नाही. ती अपुरी आहे.

आपल्या रागसंगीतात बंदीश गुरुमुखातून शिष्याकडे येते आणि गायक प्रत्येक मैफिलीत तिचा विस्तार नव्याने करतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकार प्रत्येक वाद्याने कोणता स्वर केव्हा, किती वेळ आणि किती जोराने वाजवायचा, हे कागदावर लिहून ठेवतो. या समग्र लेखनाला 'स्कोअर' म्हणतात. आपण त्याला 'स्वरसंहिता' म्हणू. रचनाकाराच्या मृत्यूनंतर उरते ती ही संहिता. ती वाचणे, तिचा अर्थ लावणे आणि तो अर्थ वादकांकडून प्रत्यक्ष नादात उतरवून घेणे, हे संचालकाचे काम. ऑपेरा म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत वाद्यवृंदाच्या साथीने गायले जाणारे नाटक. त्यात गायक, वृंदगायक आणि रंगमंच या सर्वांचा मेळ संचालकालाच घालावा लागतो.

थोडक्यात, वृंदसंचालक हा प्रथम वाचक आणि मग प्रयोगकर्ता असतो. समोरची संहिताच सदोष असेल, तर त्याचा प्रयोग कितीही सफाईदार झाला तरी तो सदोष पाठाचाच प्रयोग ठरतो.

५.२.२ सिडनी ते प्राग

चार्ल्स मॅकेरस यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९२५ रोजी अमेरिकेतील स्केनेक्टडी या गावी झाला. आईवडील ऑस्ट्रेलियन होते आणि मुलाच्या बालपणीच हे कुटुंब सिडनीला परतले. ओबो हे फुंकवाद्य शिकून ते विशीच्या आतच सिडनीच्या वाद्यवृंदात प्रमुख ओबोवादक झाले. १९४७ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या 'सॅडलर्स वेल्स' या ऑपेरा कंपनीच्या वाद्यवृंदात वादक म्हणून रुजू झाले.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग अगदी साधा होता. लंडनमधील एका कॉफीगृहात ते द्वोर्झाक या चेक रचनाकाराच्या सिंफनीची स्वरसंहिता वाचत बसले होते. ती पाहून एक चेक गृहस्थ त्यांच्याशी बोलू लागले. चेकोस्लोव्हाकियात संगीताच्या अभ्यासासाठी ब्रिटिश कौन्सिलची शिष्यवृत्ती मिळते, हे मॅकेरस यांना त्यांच्याकडून कळले. ती त्यांना मिळाली. त्याच वर्षी सॅडलर्स वेल्समधील क्लॅरिनेटवादक ज्युडिथ विल्किन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि हे दांपत्य प्रागला गेले. तेथे वाक्लाव तालिख या थोर संचालकाकडे मॅकेरस यांचे शिक्षण सुरू झाले. ते चेक भाषाही शिकले आणि पुढे ती अस्खलित बोलू लागले.

प्रागमध्येच त्यांनी तालिख यांच्या संचालनाखाली 'कात्या काबानोवा' हा लेओश यानाचेक यांचा ऑपेरा ऐकला. यानाचेक यांना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. चेक प्रदेशाबाहेर त्यांचा एखादाच ऑपेरा अधूनमधून होत असे आणि इंग्लंडच्या रंगभूमीवर तर एकही झाला नव्हता. एकवीस वर्षांच्या मॅकेरस यांना या संगीताने झपाटून टाकले. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट सत्ता आली. तालिख यांना नॅशनल थिएटरमधून दूर करण्यात आले. मॅकेरस त्याच वर्षी लंडनला परतले. येताना त्यांनी आणलेली खरी शिदोरी दोन गोष्टींची होती : एक भाषा आणि एका रचनाकारावरील श्रद्धा.

५.२.३ यानाचेक : बोलण्यातील सूर

या श्रद्धेचे कारण समजून घेण्यासाठी आपण क्षणभर भाषाविज्ञानाकडे वळू. लेओश यानाचेक (१८५४–१९२८) हे मोराविया प्रांतातील हुकवाल्दी गावचे. त्यांचे बहुतेक आयुष्य ब्रनो शहरात गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी एक विलक्षण उपक्रम चालवला होता. बाजारात, रस्त्यात, रेल्वेस्थानकावर कानी पडणारी माणसांची बोलणी ते स्वरलिपीत टिपून ठेवीत. कोणते शब्द उच्चारले, यापेक्षा ते कोणत्या चढउताराने आणि कोणत्या लयीत उच्चारले, याकडे त्यांचे लक्ष असे. या टिपणांना त्यांनी दिलेल्या चेक नावाचा अर्थ 'बोलण्यातील चाली' असा होतो.

आपणही एक प्रयोग करून पाहा. 'कधी आलास?' हे दोनच शब्द घ्या. परगावाहून आलेल्या मुलाला आई ते कसे म्हणेल? उशिरा आलेल्या कामगाराला मुकादम कसे म्हणेल? शब्द तेच, व्याकरण तेच. मात्र स्वरांची चढण, 'धी'वरील रेंगाळणे आणि 'लास'वरील तुटकपणा यांत दोन वेगळी नाती ऐकू येतात. भाषाविज्ञानात याला आपण 'सुरावली' म्हणतो. यानाचेक यांच्या मते माणसाचे मन त्याच्या सुरावलीत उघडे पडते आणि ऑपेराकाराने ते तेथेच शोधले पाहिजे.

हा उपक्रम त्यांच्यासाठी केवळ तंत्राचा भाग नव्हता. फेब्रुवारी १९०३ मध्ये त्यांची वीस वर्षांची मुलगी ओल्गा मृत्युशय्येवर होती. त्या दिवसांतील तिचे अखेरचे उद्गारही त्यांनी स्वरांत टिपून ठेवले. त्याच सुमारास पूर्ण होत आलेला 'येनुफा' हा ऑपेरा त्यांनी तिला पियानोवर वाजवून दाखवला आणि तिच्याच स्मृतीला अर्पण केला.

चेक भाषेची एक विशेषता येथे लक्षात घ्यावी. या भाषेत आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो. स्वराचे दीर्घत्व मात्र कोणत्याही अक्षरावर येऊ शकते आणि त्याने अर्थ बदलतो. 'द्राह' असा पहिला स्वर दीर्घ उच्चारला तर 'मार्ग' आणि 'द्रहा' असा दुसरा स्वर दीर्घ उच्चारला तर 'प्रिया'. दोन्ही ठिकाणी आघात पहिल्या अक्षरावरच. आघात एकीकडे आणि लांबी दुसरीकडे, या ओढाताणीतून चेक बोलण्याची खास लय जन्मते. 'येनुफा' पद्यात नसून गद्यात आहे. त्यामुळे छंदाचा आधार न घेता ही बोलीची लयच संगीताचा कणा बनते. हे संगीत समजून घेऊ पाहणाऱ्या संचालकाने चेक शिकणे का अटळ होते, हे आता आपल्या ध्यानात येईल.

५.२.४ 'येनुफा'चे पाठ

'येनुफा'ची कथा मोरावियातील एका खेड्यात घडते. गाब्रिएला प्रेइसोवा या लेखिकेच्या नाटकावर ती आधारलेली आहे. येनुफाला विवाहाआधी मूल होते. तिची अब्रू वाचावी म्हणून तिची सावत्र आई त्या अर्भकाला हिवाळ्यात नदीच्या बर्फाखाली लोटते. सत्य उघडकीस आल्यावर येनुफा त्या आईला क्षमा करते.

हा ऑपेरा २१ जानेवारी १९०४ रोजी ब्रनोमध्ये प्रथम झाला आणि तेथे त्याचे स्वागतही झाले. परंतु ब्रनोचे नाट्यगृह लहान होते. कृतीला प्रतिष्ठा मिळायची तर ती प्रागच्या नॅशनल थिएटरमध्ये होणे आवश्यक होते. तेथील ऑपेराचे प्रमुख होते कारेल कोवार्झोविट्स. ते स्वतः रचनाकार होते आणि १८८७ मध्ये यानाचेक यांनी त्यांच्या एका ऑपेरावर बोचरी टीका केली होती. प्रागने 'येनुफा' नाकारला. तो तेथे रंगमंचावर आला २६ मे १९१६ रोजी, म्हणजे बारा वर्षांनी. यानाचेक तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते.

या प्रयोगासाठी कोवार्झोविट्स यांनी एक अट घातली होती : संहितेत आपण बदल करू. यानाचेक यांनी ती स्वीकारली. काही भाग गाळले गेले आणि वाद्ययोजना मोठ्या प्रमाणात बदलली गेली. यानाचेक यांच्या मूळ वाद्ययोजनेत एक खडबडीतपणा आहे. पुष्कळदा व्हायोलिने अगदी तारसप्तकात असतात, ट्रॉम्बोन खर्जात असतात आणि मधला अवकाश मोकळा राहतो. तत्कालीन अभिरुचीला ती उणीव वाटली. कोवार्झोविट्स यांनी ती पोकळी भरून काढली. अखेरच्या क्षमेच्या प्रसंगात त्यांनी वाद्यांवर एकामागून एक येणारे अनुकारी स्वर वाढवून शेवट भव्य केला.

हाच पाठ पुढे गाजला. माक्स ब्रोड यांच्या जर्मन अनुवादासह तो १९१८ मध्ये व्हिएन्नात आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला. छापला गेला तोही हाच. यानाचेक यांना उतारवयात मिळालेली आंतरराष्ट्रीय कीर्ती अशा रीतीने दुसऱ्याच्या हाताने गुळगुळीत केलेल्या पाठावर उभी राहिली.

येथे आपल्याला 'अल्पपरिचित कृती' या संकल्पनेचे दोन प्रकार वेगळे करता येतात. पहिला प्रकार मुळात सादरच न होणाऱ्या कृतींचा. १९४७ पूर्वी इंग्लंडसाठी 'कात्या काबानोवा' अशी होती. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे : कृती सादर होते, नावाजली जाते, परंतु तिचे स्वतःचे रूप कोणालाच ठाऊक नसते. १९१६ नंतरची 'येनुफा' ही अशी परिचित असूनही अपरिचित कृती होती.

> आपली प्रगती तपासा – १
> अ) 'सुरावली' म्हणजे काय, ते स्वतःच्या बोलीतील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
> आ) कोवार्झोविट्स यांनी 'येनुफा'त केलेले बदल दोन वाक्यांत सांगा.

५.२.५ मॅकेरस यांची पाठचिकित्सा

मॅकेरस यांचे काम प्रथम पहिल्या प्रकारच्या अपरिचयाशी झगडण्याचे होते. १० एप्रिल १९५१ रोजी सॅडलर्स वेल्समध्ये त्यांनी 'कात्या काबानोवा'चा ब्रिटनमधील पहिला प्रयोग संचालित केला. समीक्षकांत मतभेद झाले. तुटक तुकड्यांचे वाटणारे हे संगीत काहींना रुचले नाही. १९६४ मध्ये त्यांनी 'मॅक्रोपुलोस प्रकरण' या ऑपेराचाही ब्रिटनमधील पहिला प्रयोग केला.

प्रयोगांची तयारी करताना दुसऱ्या प्रकारचा अपरिचय त्यांच्या लक्षात येत गेला. यानाचेक यांचे हस्ताक्षर अत्यंत दुर्बोध. उतारवयात तर ते कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने हव्या तेवढ्याच स्वररेषा आखून लिहीत. लेखनिकांनी केलेल्या प्रतींत चुका होत्या आणि वादकांच्या हाती येणाऱ्या सुट्या पानांत त्या वाढत गेल्या होत्या. एखादा कर्कश स्वर रचनाकाराचा की लेखनिकाचा, हे ठरवायचे कसे? आपल्या पोथ्यांच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न हाच आहे. मॅकेरस यांनी त्याचे उत्तरही त्याच मार्गाने शोधले. त्यांनी हस्तलिखिते आणि प्रती ताडून पाहिल्या. या कामात त्यांना जॉन टायरेल या इंग्रज संगीताभ्यासकाची दीर्घकाळ साथ लाभली.

याची परिणती म्हणजे व्हिएन्ना फिलहार्मोनिक या विख्यात वाद्यवृंदासह 'डेक्का' कंपनीसाठी १९७६ ते १९८२ या काळात केलेली पाच ऑपेरांची ध्वनिमुद्रणे. 'कात्या काबानोवा'पासून ही मालिका सुरू झाली आणि त्या ध्वनिमुद्रणाला १९७७ मध्ये 'ग्रामोफोन' या ब्रिटिश नियतकालिकाचे वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचे पारितोषिक मिळाले. १९८२ च्या 'येनुफा'साठी मॅकेरस आणि टायरेल यांनी कोवार्झोविट्स यांचा पाठ बाजूला ठेवला. यानाचेक यांनी स्वतः सुधारून सिद्ध केलेला १९०८ चा ब्रनो पाठ त्यांनी घेतला. तोच पुढे १९९६ मध्ये छापील आवृत्तीच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

या ध्वनिमुद्रणातील एक गोष्ट आपण आवर्जून लक्षात ठेवावी. त्याच्या अखेरीस परिशिष्ट म्हणून कोवार्झोविट्स यांनी बदललेला शेवटचा प्रसंगही दिलेला आहे. मुख्य संहितेत मूळ पाठ आणि तळटीपेत पाठभेद, ही आपल्या परिचयाची पद्धत येथे नादात अवतरली आहे. श्रोत्याने केवळ संपादकावर विश्वास ठेवावा असे नाही. त्याने दोन्ही ऐकावे आणि स्वतः ठरवावे.

'मृतांच्या घरातून' या यानाचेक यांच्या अखेरच्या ऑपेराची कथा याहून बोलकी आहे. दस्तयेव्हस्की यांच्या कादंबरीवरील ही कृती सैबेरियातील तुरुंगात घडते. रचनाकार १९२८ मध्ये वारले आणि १९३० मध्ये ती ब्रनोत प्रथम सादर झाली. विरळ वाद्ययोजना पाहून ही कृती अपुरी राहिली असावी, असा ब्रेतिस्लाव बाकाला आणि ओस्वाल्ड ख्लुब्ना या शिष्यांचा समज झाला. त्यांनी प्रामाणिकपणे ती 'पूर्ण' केली. यानाचेक यांच्या संहितेत एका कैद्याची सुटका झाल्यावर उरलेल्यांना पुन्हा कामावर हाकले जाते. शिष्यांनी त्याऐवजी स्वातंत्र्याच्या समूहगानाने शेवट केला. म्हणजे बदल केवळ नादाचा नव्हता; कृतीचा अर्थच पालटला होता. १९८० च्या ध्वनिमुद्रणात मॅकेरस यांनी यानाचेक यांचा कठोर शेवट पुन्हा ऐकवला. गुरूवरील प्रेमातूनही अपपाठ निर्माण होतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

५.२.६ एक अनुत्तरित प्रश्न

कोवार्झोविट्स यांनी कृतीची हानी केली आणि मॅकेरस यांनी ती वाचवली, इतकी सरळ मांडणी करून आपण थांबलो, तर ते अपुरे ठरेल. पुढील दोन मुद्द्यांचा विचार करा.

पहिला मुद्दा : १९१६ चा प्रयोग झालाच नसता, तर व्हिएन्ना आणि न्यूयॉर्क यांना 'येनुफा' कळली नसती. 'कात्या काबानोवा'सह यानाचेक यांचे उत्तरकालीन महत्त्वाचे ऑपेरा या यशानंतरच्या काळातले आहेत. ज्या पाठाने कृतीचे रूप झाकले, त्याच पाठाने तिला जगात वाट करून दिली.

दुसरा मुद्दा : यानाचेक यांनी त्या बदलांना संमती दिली होती. मग 'ग्रंथकाराची अंतिम इच्छा' कोणती मानायची? १९०८ मध्ये त्याने स्वतःहून लिहिलेली, की १९१६ मध्ये प्रयोगाच्या ओढीने मान्य केलेली? बारा वर्षे दार ठोठावणाऱ्या माणसाने दार उघडताना दिलेली संमती कितपत मुक्त होती? मॅकेरस यांनी १९०८ चा पाठ निवडून या प्रश्नाचे आपले उत्तर दिले. मात्र परिशिष्ट जोडून प्रश्न खुलाही ठेवला. स्वतः त्यांचे गुरू तालिख यांनीही यानाचेक यांच्या वाद्ययोजनेत फेरफार केलेले होते. ज्यांच्याकडून हे संगीत मिळाले, त्यांच्याच वाटेपासून पुढे दूर जाण्याचे धैर्य शिष्याला दाखवावे लागले.

अनुवादाबाबत मात्र मॅकेरस कर्मठ नव्हते. सॅडलर्स वेल्स कंपनीचे धोरण इंग्रजीत गाण्याचे होते. १९५१ चा 'कात्या'ही इंग्रजीतच झाला. भाषांतरात चेक शब्दांचा आघात आणि लांबी हरवते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही प्रेक्षकाला नाटक कळणे त्यांना महत्त्वाचे वाटे. व्हिएन्नातील ध्वनिमुद्रणे त्यांनी चेक भाषेत केली. पुढे २००६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनीच लंडनमध्ये 'मॅक्रोपुलोस प्रकरण' इंग्रजीत संचालित केला. अभ्यासकाचा पाठ आणि प्रेक्षकाचा पाठ यांची गरज वेगवेगळी असू शकते, हे त्यांनी व्यवहारात ओळखले होते.

५.२.७ पुरस्कर्त्याची साधने

केवळ आवडीने पुरस्कार होत नाही. त्यासाठी विश्वास, अधिकारपद आणि काळ लागतो. मॅकेरस यांच्या कारकिर्दीत ही तिन्ही साधने दिसतात.

लोकांचा विश्वास त्यांनी लोकप्रिय संगीतातून मिळवला. आर्थर सलिव्हन यांच्या संगीतावरील स्वामित्वहक्क १९५० च्या अखेरीस संपले. लगेच मार्च १९५१ मध्ये, सलिव्हन यांच्या चाली गुंफून मॅकेरस यांनी सिद्ध केलेले 'पाइनॅपल पोल' हे बॅले-संगीत सॅडलर्स वेल्समध्ये आले आणि अतिशय लोकप्रिय झाले. पुढच्याच महिन्यात, त्याच रंगमंचावर 'कात्या काबानोवा'चा प्रयोग झाला.

परिचित कृतींकडेही त्यांनी चिकित्सकाच्या नजरेने पाहिले. हँडेल यांचे 'रॉयल फायरवर्क्स' हे संगीत १७४९ मध्ये लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये उघड्यावर झाले होते. ते मुख्यतः फुंकवाद्यांसाठी होते; विसाव्या शतकात मात्र ते आधुनिक वाद्यवृंदासाठी केलेल्या रूपांतरातच ऐकू येई. हँडेल यांच्या द्विशताब्दी स्मृतिदिनी, एप्रिल १९५९ मध्ये, मॅकेरस यांनी ते मूळ योजनेच्या धर्तीवर ध्वनिमुद्रित केले. त्यासाठी त्यांना २६ ओबोवादक हवे होते. इतके वादक लंडनमध्ये एकाच वेळी मोकळे मिळणार केव्हा? रात्रीचे कार्यक्रम आटोपल्यावर! म्हणून ते ध्वनिमुद्रण रात्री उशिरा झाले.

अधिकारपदे हळूहळू मिळत गेली. १९७० ते १९७७ या काळात ते सॅडलर्स वेल्सचे (१९७४ पासूनची इंग्लिश नॅशनल ऑपेरा) आणि १९८७ ते १९९२ या काळात वेल्श नॅशनल ऑपेराचे संगीत संचालक होते. कोणती कृती करायची हे ठरवण्याचा अधिकार अशा पदांमुळे येतो. काळाचे म्हणाल, तर लंडनमधील पहिल्या 'कात्या'पासून व्हिएन्नातील ध्वनिमुद्रणापर्यंत पंचवीस वर्षे गेली.

आणखी एक उदाहरण येथे नोंदवणे आवश्यक आहे. सलिव्हन यांनी १८६६ मध्ये रचलेला चेलो-कन्चेर्तो फारसा वाजवला जात नसे. १९५३ मध्ये मॅकेरस यांनी तो एकदा संचालित केला. १९६४ मध्ये लंडनच्या एका संगीतप्रकाशन संस्थेला आग लागली आणि त्या कृतीची संपूर्ण स्वरसंहिता व वाद्यांची पाने जळून गेली. उरला तो केवळ एकल चेलोवादकाचा भाग. तो आणि मॅकेरस यांची स्मृती यांच्या आधारे, डेव्हिड मॅकी यांच्या सहकार्याने, ही कृती पुन्हा उभी करण्यात आली आणि एप्रिल १९८६ मध्ये लंडनला ती सादर झाली. तेहेतीस वर्षांपूर्वीचा तो एक प्रयोग झाला नसता, तर आठवायलाही काही उरले नसते. अल्पपरिचित कृती सादर करणे म्हणजे तिची एक प्रत माणसांच्या मनात ठेवणे होय. कधीकधी तीच प्रत शेवटची ठरते.

मॅकेरस यांना १९७९ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. जून २०१० मध्ये ग्लाइंडबोर्न येथे त्यांनी मोत्सार्टचा ऑपेरा संचालित केला आणि १४ जुलै २०१० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

> आपली प्रगती तपासा – २
> अ) 'मृतांच्या घरातून' या ऑपेराच्या दोन शेवटांतील फरक सांगा.
> आ) 'येनुफा'च्या ध्वनिमुद्रणातील परिशिष्टाचे पाठचिकित्सेच्या दृष्टीने महत्त्व काय?

५.३ सारांश

वृंदसंचालक हा स्वरसंहितेचा वाचक आणि प्रयोगकर्ता असतो. अल्पपरिचित कृती दोन प्रकारच्या असतात : सादर न होणाऱ्या आणि बदललेल्या रूपातच सादर होणाऱ्या. यानाचेक यांचे ऑपेरा चेक भाषेच्या सुरावलीतून घडले आहेत. म्हणून त्यांच्या पुरस्कर्त्याला भाषा शिकावी लागली. मॅकेरस यांनी प्रयोग, ध्वनिमुद्रण आणि संपादन या तीन मार्गांनी हे ऑपेरा जगापुढे ठेवले. शुद्ध पाठाचा आग्रह धरताना त्यांनी पाठभेद लपवला नाही आणि प्रेक्षकासाठी अनुवादही त्याज्य मानला नाही.

मित्रहो, आपल्या भागातही एखादी लावणी, एखादे कीर्तनातील आख्यान, एखादे जुने संगीत नाटक आता क्वचितच ऐकू येत असेल. ते कोणाच्या तोंडी आहे, त्याचा कोणता पाठ शिल्लक आहे आणि तो कोणी बदलला, हे प्रश्न विचारण्याची सवय या अभ्यासातून लागली, तर या घटकाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.

५.४ पारिभाषिक शब्द

स्वरसंहिता – सर्व वाद्यांचे व गायकांचे स्वर एकत्र लिहिलेली संगीतकृतीची प्रत.
वाद्ययोजना – कोणता स्वर कोणत्या वाद्याने वाजवावा याची रचना.
सुरावली – बोलताना वाक्यात होणारा स्वरांचा चढउतार.
अपपाठ – संहितेत शिरलेला, मूळ कर्त्याचा नसलेला पाठ.

५.५ सरावासाठी स्वाध्याय

१) 'गाजलेली कृतीही अपरिचित असू शकते.' 'येनुफा'च्या आधारे या विधानाची चर्चा करा.
२) 'ग्रंथकाराची अंतिम इच्छा' ठरवताना येणाऱ्या अडचणी या घटकातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
३) आपल्या घरातील किंवा गावातील तीन व्यक्तींचे एकच वाक्य लक्षपूर्वक ऐका. त्यांच्या सुरावलीतील फरक चढत्या-उतरत्या रेषांनी दाखवा आणि त्यावर दहा ओळींचे टिपण लिहा.
४) आपल्या परिसरातील वयस्क व्यक्तीकडून एक अल्पपरिचित गीत मिळवा. त्याचे दोन वेगवेगळे पाठ नोंदवून त्यांतील भेद दाखवा. कोणताही पाठ स्वतः 'दुरुस्त' करू नका.